तोफेचा गोळा आणि चिमणीचा धूर



या मालिकेत आजवर मी बहुतेक वेळा लढायांबद्दल बोललो. आजचा विषय वेगळा आहे. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या चिमणीतून काय आणि किती बाहेर पडेल, हे संगणकाला शिकवून त्याच्याकडून आधीच वदवून घ्यायचं, म्हणजे मशीन लर्निंग. हा विषय निवृत्त फौजी माणसाचा कसा, असं तुम्हाला वाटेल. पण मी तोफखान्याचा माणूस आहे. न दिसणाऱ्या गोष्टीचा अंदाज बांधायचा आणि तो चुकला की निमूटपणे दुरुस्त करायचा, यातच माझी तीस-बत्तीस वर्षं गेली.

देवळालीच्या तोफखाना शाळेत मी १९८०च्या दशकाच्या मध्यात शिकत होतो. सुट्टीच्या दिवशी नाशिक रोडकडे निघालो की एकलहऱ्याच्या थर्मलच्या चिमण्या दिसायच्या. तेव्हा त्या धुराकडे आम्ही एकाच कारणासाठी बघायचो, वारा कुठला आहे हे कळायला! आमचे एक उस्ताद म्हणायचे, "गोळा कुठे पडला हे तोफेला कधीच कळत नाही. ते फक्त ओपीला कळतं." ओपी म्हणजे पुढे टेकडीवर दुर्बीण घेऊन बसलेला निरीक्षक. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

अंदाजाचा जुना धंदा

तोफ डागण्याच्या दोन पद्धती. पहिलीत एक गोळा टाकायचा, ओपी सांगणार "ॲड चारशे", मग "ड्रॉप दोनशे", आणि असं करत निशाणाला कात्रीत पकडायचं. दुसरी पद्धत हिशेबाची. तोफेच्या नळीची झीज, दारूचं तापमान, वाऱ्याचा वेग आणि दिशा, हवेची घनता, सगळं आधी मोजायचं आणि पहिलाच गोळा जागेवर टाकायचा. २० नोव्हेंबर १९१७ला काम्ब्रेच्या लढाईत ब्रिटिशांनी सुमारे हजार तोफा आधी एकही चाचणी-गोळा न टाकता एकदम डागल्या. जर्मनांना सुगावा लागला नाही. हिशेबी तोफमाऱ्याचं महत्त्व त्या दिवशी सगळ्या फौजांना कळलं.

दुसऱ्या महायुद्धात प्रश्न अवघड झाला. विमान हलतं, वैमानिक चकवतो. अमेरिकेत गणिती नॉर्बर्ट वीनर आणि अभियंता जुलियन बिगेलो यांनी विमानाच्या मागच्या हालचालींवरून पुढची जागा सांगणारं यंत्र बांधायचा प्रयत्न केला. ते यंत्र युद्धात वापरलं गेलं नाही, पण त्या विचारातून वीनर यांचं 'सायबरनेटिक्स' हे १९४८चं पुस्तक आलं. चूक मोजा, ती मागे कळवा आणि पुढचा अंदाज सुधारा, हे त्याचं सार. पुढे १९५८मध्ये फ्रँक रोझेनब्लाट यांचं 'पर्सेप्ट्रॉन' आलं. १९८६मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या लेखानं अनेक थरांच्या न्यूरल नेटवर्कला चुकीतून शिकवण्याची रीत सगळीकडे पोहोचवली. नाव मोठं असलं तरी आतमध्ये आमचं "ॲड चारशे, ड्रॉप दोनशे"च चाललेलं असतं. फरक एवढाच की ते लाखो वेळा चालतं.

डोळ्यांनी मोजलेला धूर

आता चिमणीकडे वळू. धूर मोजण्याचं पहिलं सोपं साधन एका फ्रेंच प्राध्यापकानं केलं. मॅक्सिमिलियन रिंगेलमन यांनी १८८८च्या सुमारास पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या जाळ्या काढल्या. कमी रेघा म्हणजे फिका धूर, जास्त रेघा म्हणजे काळा. निरीक्षकानं तक्ता समोर धरायचा, चिमणीकडे बघायचं आणि नंबर लिहायचा. आपल्याकडे कलकत्त्याच्या ज्यूट गिरण्यांच्या धुरावरून १९०५मध्ये बंगालचा आणि १९१२मध्ये मुंबईचा धूर-उपद्रव कायदा झाला. गिरणगावात राहिलेल्या घरांमधून त्या धुराच्या आठवणी आजही निघतात.

पण डोळ्यांना फक्त काळेपणा दिसतो. डिसेंबर १९५२मध्ये लंडनवर पाच दिवस धुकं आणि कोळशाचा धूर एकत्र बसून राहिला. सरकारी हिशेबानं सुमारे ४,००० माणसं दगावली. नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा १२,०००पर्यंत नेला. त्यात मोठा वाटा होता सल्फर डायऑक्साइडचा, आणि तो वायू डोळ्यांना दिसत नाही. १९५६मध्ये ब्रिटननं स्वच्छ हवेचा कायदा केला. न दिसणारी गोष्ट मोजायची तर उपकरण हवं, हे तिथून पक्कं झालं.

उपकरण आलं की पुढचा प्रश्न येतो. ते बंद पडलं तर काय? याचं मला सगळ्यात आवडलेलं उत्तर अमेरिकेनं दिलं. आम्लपाऊस थांबवण्यासाठी त्यांनी १९९०मध्ये कायदा सुधारला आणि मोठ्या वीजकेंद्रांच्या चिमण्यांवर सतत मोजणारी यंत्रं बसवायला लावली. तासातासाची नोंद सक्तीची झाली आणि ती लोकांसाठी खुली ठेवली गेली. शिवाय नियम असा केला की यंत्र जितका जास्त काळ बंद, तितका चढा आकडा त्या काळासाठी केंद्राच्या नावावर धरायचा. म्हणजे यंत्र बिघडलेलं ठेवण्यात नुकसान मालकाचंच! फौजेत म्हणतात, संत्री झोपला असेल तर शत्रू आला होता असंच समजा. त्याच जातीचा हा नियम आहे.

बॉयलर यंत्राला कसा समजतो

तासातासाच्या या नोंदी जमल्या आणि शिकणाऱ्या यंत्राला खाद्य मिळालं. पण ते खाद्य सगळीकडे सारखं लागत नाही, हे आधी समजून घेऊ.

२१० मेगावॉटचा एक संच पूर्ण भारावर चालला तर दिवसाला तीन हजार टनांहून जास्त कोळसा खातो. हिशेबाला ३,००० टन धरू. कोळशात गंधक अर्धा टक्का असेल तर गंधक झालं १५ टन. एक किलो गंधक जळलं की दोन किलो सल्फर डायऑक्साइड होतो, म्हणून चिमणीतून निघणार ३० टनांच्या आसपास. हे शाळेतलं त्रैराशिक आहे, त्याला मशीन लर्निंग लागत नाही. कोळशात गंधक किती, हे मात्र खरं माहीत पाहिजे.

नायट्रोजनच्या ऑक्साइडचं तसं नाही. ती कोळशातल्या नायट्रोजनपासूनही होतात आणि ज्योत फार तापली तर हवेतल्या नायट्रोजनपासूनही. भार किती, हवा किती, कोळसा दळणाऱ्या मिलपैकी कुठल्या चालू, बर्नरचा कोन काय, भट्टीच्या भिंतींवर राख किती चिकटलीय, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं. हवा कमी केली तर ही ऑक्साइड्स घटतात, पण कोळसा अर्धवट जळून राखेत जातो. सरळ सूत्र हाती लागत नाही. इथे न्यूरल नेटवर्क उपयोगी पडतं. मागच्या हजारो तासांच्या नोंदी त्याला द्यायच्या. ते अंदाज सांगतं, खऱ्या मोजणीशी ताडून बघतं, आतले आकडे जरासे हलवतं आणि पुन्हा सांगतं.

१९९०च्या दशकात अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात हॅमंड केंद्राच्या ५०० मेगावॉटच्या चौथ्या संचावर आणि इंग्लंडमध्ये किंग्जनॉर्थ केंद्रावर 'नॉसिस' नावाची अशी प्रणाली चालवून पाहिली गेली. ती चालकाला सुचवायची की हवेची ही झडप एवढी उघडा, म्हणजे ऑक्साइड्सही कमी राहतील आणि कोळसाही वाया जाणार नाही. म्हणजे आज ज्याची चर्चा नवलाईनं होते, ते काम तीस वर्षांपूर्वी सुरू झालेलं आहे. चिमणीत यंत्र न घालता नुसत्या अंदाजावर उत्सर्जन कळवायची पद्धतही तेव्हाचीच. तिच्यासाठी अमेरिकेनं २००९मध्ये स्वतंत्र तांत्रिक निकष घातले. ती रुजली मुख्यतः वायूवर चालणाऱ्या यंत्रांवर, कारण वायू रोज एकसारखा येतो. कोळशाची प्रत वाघिणीगणिक बदलते. आणि अंदाज कितीही चांगला असला तरी ठरलेल्या मुदतीनं प्रत्यक्ष चिमणीत मोजून तो पडताळायचा, ही अट तिथे कायम आहे. तोफ आणि ओपी दोन्ही पाहिजेत.

आपला कोळसा, आपले आकडे

भारतीय कोळशात गंधक कमी, राख फार. साधारण ३० ते ४५ टक्के. मघाच्या ३,००० टनांत ३५ टक्के राख धरली आणि तिच्यातली ८० टक्के धुराबरोबर उडाली, तर रोज ८०० टनांवर राख चिमणीच्या वाटेला लागते. ती अडवायला विजेच्या भारानं कण ओढून घेणारं इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर असतं. कामगार त्याला नुसतं 'ईएसपी' म्हणतात. ईएसपीनं ९९.९ टक्के राख पकडली तर सुटते दिवसाला सुमारे ८०० किलो. ९९.५ टक्के पकडली तर सुटते चार टन. कागदावर फरक अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी, खालच्या गावाला पाचपट. त्यात गंमत अशी की गंधक कमी असलं की राखेला विजेचा भार नीट सोडता येत नाही आणि ईएसपीचं काम अवघड होतं. म्हणून ईएसपीचा कुठला भाग कधी कमी पडेल हे आधी सांगणारं यंत्र आपल्याला खरोखर हवं आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं फेब्रुवारी २०१४मध्ये जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना सतत मोजणारी यंत्रं बसवायला सांगितलं. औष्णिक वीजकेंद्रं त्यात आली. ७ डिसेंबर २०१५ला नवे निकष आले. धूलिकणांसाठी जुन्या संचांना घनमीटरमागे १०० मिलिग्रॅम, २००४ ते २०१६मधल्या संचांना ५०, त्यानंतरच्यांना ३०. मुदत होती दोन वर्षांची. सल्फर डायऑक्साइडसाठी ती पुढे पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि जुलै २०२५मध्ये देशातल्या बहुतेक संचांना त्या निकषातूनच सूट मिळाली. त्यावर दोन्ही बाजूंची मतं आहेत, मी आज त्यात शिरत नाही.

मला सांगायचंय ते गुजरातेतल्या एका प्रयोगाबद्दल. तिथे उद्योगांची तपासणी खासगी तपासनीस करत आणि त्यांची फी तोच उद्योग देई. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या प्रदूषण मंडळाबरोबर अहमदाबाद-सुरतच्या कारखान्यांवर हे तपासून पाहिलं. तपासनिसांचे आकडे मर्यादेच्या जरा खाली गर्दी करून बसलेले दिसले. खरी मोजणी मात्र बऱ्याचदा वर होती. मग त्यांनी निम्म्या कारखान्यांसाठी पद्धत बदलली. तपासनीस चिठ्ठीनं ठरवला, फी सामायिक निधीतून दिली आणि त्याच्या मोजणीची अचानक फेरतपासणी ठेवली. खोटा 'पास' देण्याचं प्रमाण ८० टक्क्यांनी कमी झालं आणि कारखान्यांचं प्रदूषणही घटलं. हा अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उपकरणं जुनीच होती. बदललं होतं ते एवढंच, की मोजणारा कुणाचा मिंधा आहे.

आता विचार करा. मर्यादेच्या जरा खाली बसलेले हे आकडे शिकणाऱ्या यंत्राला दिले तर ते काय शिकेल? तेही मर्यादेच्या जरा खालचे आकडे सांगायला शिकेल, आणि फार अचूकपणे सांगेल!

गेटवरची वही

हे मी पुस्तकातून वाचलं त्याआधी डोळ्यांनी बघितलं होतं. फौजेतून निवृत्त झाल्यावर काही वर्षं मी एका औष्णिक वीजकेंद्रात सुरक्षा अधिकारी होतो. केंद्राचं नाव सांगत नाही, राज्याचंही नाही. मुख्य गेटबाहेर नियमाप्रमाणे फलक होता, त्यावर चिमणीतल्या धूलिकणांचा आकडा झळकायचा. गेटवर माझा एक निवृत्त हवालदार रात्रपाळीला असे. मी शिस्त लावली होती की दर तासाला गेटवरची परिस्थिती वहीत लिहायची. गाडी, माणूस, हवामान, सगळं. वहीत एक रकाना रिकामा होता. त्यानं आपल्या मनानं त्यात फलकावरचा आकडा लिहायला सुरुवात केली.

एका हिवाळ्यात सकाळी तो वही घेऊन आला. म्हणाला, "साब, ये काँटा सो गया है क्या?" नऊ दिवस दर तासाला ४६. मर्यादा होती ५०. आणि त्या नऊ दिवसांत बॉयलरची नळी फुटून संच तीस तास पूर्ण बंद होता. त्या बंद चिमणीचा आकडाही ४६! तो राहायचा शेजारच्या गावात. तिथे बायका छतावर वड्या वाळत घालत आणि संध्याकाळी त्यांच्यावर बोट फिरवलं की राख लागत असे. त्यामुळे त्या आकड्यावर त्याचा विश्वास आधीपासूनच नव्हता.

मी संबंधित अधिकाऱ्यांना विचारलं. उत्तर आलं, "सर, सेन्सर अडकला असेल, सिस्टिम मागच्या आकड्यावरून भरते. तुम्ही गेट सांभाळा." मी गेट सांभाळलं. खरं सांगतो, दोन महिने मी त्यावर काही बोललो नाही. पेन्शन होती, तरी ही नोकरीही हवी होती. मुलीचं लग्न ठरलं होतं. ओपीवर असताना गोळा चुकला हे रेडिओवर सांगायला मी कधी कचरलो नव्हतो, आणि इथे मिटिंगमध्ये तोंड उघडायला कचरत होतो. याची लाज अजून जात नाही.

मग बाहेरून दोन तरुण इंजिनिअर आले. त्यांना उत्सर्जनाचा अंदाज सांगणारं मॉडेल बसवायचं होतं आणि त्यासाठी मागच्या तीन वर्षांचा डेटा हवा होता. मिटिंगला मलाही बोलावलं होतं, त्यांचे पास बनवायचे होते म्हणून. त्यांच्यातली मुलगी म्हणाली, "आमचं मॉडेल तुमच्या नोंदींवर ९८ टक्के बरोबर येतंय." मी हवालदाराची वही टेबलावर ठेवली आणि तीस तासांचं ते पान उघडलं. "बंद चिमणीचं तुमचं मॉडेल काय सांगतं?" तिनं लॅपटॉपवर ते तास काढले. मॉडेलचा आकडा होता ४५.

ती हुशार होती, वाद घातला नाही. तिनं वहीच्या पानांचे फोटो काढले आणि तसे सरळ रेषेतले सगळे दिवस शिकवणीच्या डेटातून वगळले. बरीच पानं गेली. सेन्सर खाली काढून साफ केला, पुन्हा जुळवला. दुसऱ्या आठवड्यापासून फलकावरचा आकडा ६० ते ७०च्या घरात हलायला लागला. गावातली हवा त्या आठवड्यात काही बिघडली नव्हती. आकडा जिवंत झाला होता. मग ईएसपीच्या दुरुस्तीचा खर्च मंजूर झाला, कारण आता तो टाळायला कारण उरलं नाही. आणि तेच मॉडेल, खऱ्या नोंदींवर पुन्हा शिकल्यावर, ईएसपीचा कुठला भाग ढिला पडतोय ते बऱ्यापैकी आधी सांगायला लागलं. यंत्राला दोष द्यायला मला जागा दिसत नाही. त्याला जे शिकवलं ते त्यानं शिकलं.

नवी टेकडी, नवा ओपी

आता आकाशातही ओपी बसले आहेत. २००४मध्ये गेलेल्या 'ऑरा' उपग्रहावरच्या आणि २०१७मध्ये गेलेल्या 'सेंटिनेल-५पी'वरच्या उपकरणांना नायट्रोजन डायऑक्साइड वरून दिसतो. मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशाच्या सीमेवरचा सिंगरौलीचा पट्टा त्या नकाशांवर ठळक उठून दिसतो. 'क्लायमेट ट्रेस' हा आंतरराष्ट्रीय गट उपग्रहचित्रांत शीतक मनोऱ्यांची वाफ बघून संच चालू आहे की बंद, हे मशीन लर्निंगनं ओळखतो आणि त्यावरून उत्सर्जनाचा अंदाज बांधतो. माझ्या हवालदारानं वहीत पकडलं तेच, फक्त शेकडो किलोमीटरवरून.

पण या ओपीच्याही मर्यादा आहेत. वायू बघणारा उपग्रह सूर्यप्रकाशावर काम करतो, म्हणून रात्रीचं त्याला दिसत नाही. पावसाळ्यात ढगांपुढे तो आंधळा. एका चिमणीतून निघालेली राख गावातल्या कुठल्या छतावर पडली, हे तो सांगू शकत नाही. ते सांगायला माणूस लागतो, ज्याला त्या आकड्यातून काही कमवायचं नाही आणि काही लपवायचं नाही.

तुमच्यापैकी अनेक जण चंद्रपूर, कोराडी, परळीजवळ राहत असाल. काही जण कोरबा, सिंगरौली किंवा रामगुंडमला नोकरीनिमित्त असाल. उद्या तुमच्या भागातल्या केंद्रात कृत्रिम बुद्धिमत्ता आली अशी बातमी वाचाल तेव्हा आनंद जरूर माना. पण दोन प्रश्न विचारा. हे यंत्र कुणाच्या नोंदींवर शिकलं? आणि त्याचा गोळा कुठे पडला, हे कोण बघतं, त्याचा पगार कोण देतं? आणि गेटवरच्या फलकासमोरून जाताना आकडा एका वहीत लिहून ठेवा. माझ्या हवालदाराला कुणी सांगितलं नव्हतं. वहीत रकाना रिकामा होता, एवढंच.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.